गावाकडनं पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला निघालाय? आधी हे वाचा, मग गाडीला किक मारा

आपल्याकडं सातारा-सांगलीत बहुतेक शेतकरी माणूस पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदा चढतो ती विहिरीवरची केबल गेली म्हणून नाहीतर बांधावरनं डोकी फुटली म्हणून, आणि परत येताना शिक्का मारलेला एक कागद घेऊन येतो आणि घरी सांगतो केस करून आलो. बऱ्याचदा केस झालेलीच नसते. तो नुसता अर्ज असतो. दोन-तीन महिन्यांनी इन्शुरन्सवाला नाहीतर वकील विचारतो एफआयआरची कॉपी कुठाय, तेव्हा कळतं की काहीच दाखल नाही, आणि तोवर शेजारच्या पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही पुसलं गेलेलं असतं, साक्षीदार ऊसतोडीला लांब गेलेला असतो. हे थांबावं असं मनापासनं वाटतं म्हणून सविस्तर लिहितोय, थोडं लांबलं तरी पूर्ण वाचा.

ठाण्यातनं बाहेर पडताना तुमच्या हातात तीनपैकी एक कागद असतो. पहिला अर्ज, म्हणजे तुम्ही लिहून दिलं, आवक नंबर पडला, बीट अंमलदाराकडं, म्हणजे तुमच्या गावांचा भाग ज्या पोलिसाकडं असतो त्याच्याकडं, चौकशीला गेला. त्यात गुन्हा दाखल नसतो. दुसरा एनसी, म्हणजे अदखलपात्र, शिवीगाळ, साधी धक्काबुक्की असलं काही असेल तर रजिस्टरला नोंद होते पण कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, हे कायद्यातच तसं आहे, अंमलदार टाळतोय असं समजू नका. तिसरा एफआयआर. त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं असतात, तपास कुणाकडं दिला त्याचं नाव असतं, आणि खाली तुमची सही असते. हा नंबर मिळाला म्हणजे गुन्हा दाखल झाला. आणि एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट द्यायचीच असते, १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. झेरॉक्सचे पैसे सुद्धा नाहीत. बहुतेक एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पण येतात, फक्त महिला-मुलांवरच्या अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून, तर गावातल्या कुठल्याही पोराला मोबाईलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून बघायला सांगा.

आता निघायच्या आधी काय करायचं ते सांगतो, कारण खरं काम तिथंच असतं.

चोरी झाली असेल तर जागा हलवू नका. विहिरीवर गेलात, पेटी उघडी, केबल कापलेली, स्टार्टर गायब, तर पहिलं मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ काढा, कापलेली टोकं, बुटाचे ठसे, चाकाचे माग, सगळं, आणि मग पोलीस पाटलांना फोन लावा. पोलीस पाटील हा पोलीस खात्याचा नोकर नाही, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली त्यांची नेमणूक असते आणि गावात गुन्हा झाला, बेवारस मयत सापडलं, संशयास्पद माणसं फिरतायत तर ठाण्याला कळवणं हे त्यांचं कामच आहे. त्यांनी फोन केला की बीट अंमलदाराला तुम्ही यायच्या आधीच माहीत असतं, त्यानं फरक पडतो. पण पोलीस पाटलांना सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं मात्र धरू नका, फिर्याद तुम्हालाच द्यायला लागते. आणि ते गावात नसतील तर त्यांची वाट बघत बसू नका, थेट निघा.

केबल आणि मोटरच्या बाबतीत एक गोष्ट नीट डोक्यात ठेवा. नव्या भारतीय न्याय संहितेत ५००० रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र झालीय. म्हणजे तुम्ही जाऊन नुसतं म्हणालात की थोडी केबल गेली साहेब, तीन-चार हजाराची असेल, तर एनसी होऊन विषय तिथंच थांबतो. खोटी किंमत लावायला सांगत नाहीये, खोटी माहिती देणं हा पण गुन्हा आहे आणि पुढं कोर्टात आपणच अडकतो. पण खरी किंमत किती हे आपण कधी मोजतच नाही हो. केबल किती फूट होती, किती एमएमची, कुठल्या दुकानातनं घेतली, स्टार्टर गेला का, फूटवॉल्व्ह, ऑटोस्विच गेला का, हे सगळं धरलं की रक्कम सहज वर जाते. बिल नसेल तर ज्या दुकानातनं घेतलंय त्याच्याकडं जा, माल नेहमी तिथनंच घेत असाल तर तो डुप्लिकेट बिल काढून देतो. एकाच रात्रीत ओढ्याकडेच्या सात-आठ विहिरींवरच्या केबली गेल्या असतील तर सगळे शेतकरी मिळून जा, तपासाला पण ते सोपं पडतं आणि अंमलदारालाही प्रकरणाचं वजन कळतं. मोटरवरचा सिरीयल नंबर आजच वहीत लिहून ठेवा, प्लेटचा फोटो काढून ठेवा, कारण उद्या एलसीबीनं, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेनं, भंगारवाल्याकडं ढीगभर मोटरी पकडल्या तर त्यातली तुमची कुठली हे नंबराशिवाय सांगता येत नाही. महावितरणचा डीपी फोडून तांब्याच्या तारा नेल्या असतील तर ती चोरी महावितरणची, फिर्याद त्यांच्या माणसानं द्यायची, तुम्ही वायरमनला आणि सेक्शन ऑफिसला लेखी कळवा आणि फोटो द्या.

आता लिहायचं कसं. माणसं तक्रारीत दहा वर्षांचं भांडण लिहितात, त्याच्या आज्यानं काय केलं तिथनं सुरुवात, आणि ज्या दिवशी मारलं त्या दिवसाबद्दल दोन ओळी. उलटं करा. साधारण असं लिहा:

प्रति, मा. प्रभारी अधिकारी, अमुक पोलीस ठाणे. मी अमुक, वय इतके, धंदा शेती, रा. मु.पो. अमुक, ता. अमुक, मोबाईल नंबर अमुक, समक्ष लेखी फिर्याद देतो की, अमुक तारखेस सायंकाळी ६.३० च्या सुमारास मी गट नंबर अमुकमधील विहिरीवरील मोटर बंद करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता गेलो असता केबल व स्टार्टर दिसून आला नाही. आजूबाजूस शोध घेतला, मिळून आला नाही. चोरीस गेलेला माल पुढीलप्रमाणे. तरी अज्ञात चोरट्याविरुद्ध माझी कायदेशीर फिर्याद आहे.

बास. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण "चौकशी होऊन न्याय मिळावा" असं लिहिलं की त्याचा अर्ज होतो. मारामारी असेल तर कुणी, कशानं, कुठं मारलं, कोण सोडवायला आलं, एवढं क्रमानं. दोन प्रती करा, एक त्यांना आणि दुसरीवर तारीख, शिक्का, सही असलेली पोच घ्या.

मारहाणीत जखमी झाला असाल तर आधी दवाखाना. ग्रामीण रुग्णालयात गेलात की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची दवाखान्यातली नोंद, करून पोलिसांना कळवतात आणि तिथंच येऊन जबाब घेतला जातो. रक्त वाहत असताना ठाण्याच्या बाकावर बसून राहिलेली माणसं बघितली की जीव तुटतो, तसं करायची काहीच गरज नाही.

ठाण्यात गेल्यावर समोर जे बसलेले असतात ते ठाणे अंमलदार. त्यांना नमस्कार करा, आवाज चढवू नका, सोबत दोन माणसं पुरेत, पन्नास जणांचा जमाव नेला की फिर्याद बाजूला राहते आणि बंदोबस्ताचा विषय होतो. बोलणं साधारण असंच होतं:

"काय काम काढलं काका?"

"साहेब, विहिरीवरची चोरी झालीय. फिर्याद लिहून आणलीय, बिलं हायत, फोटो हायत."

"ठेवा अर्ज, बघतो. बीटवाले बंदोबस्ताला गेल्यात."

"साहेब, रक्कम पाच हजाराच्या वर हाय, दखलपात्र हाय. गुन्हा दाखल करून नंबर द्या, थांबतो मी."

एवढं शांतपणे म्हणालात तरी अर्धं काम होतं, कारण समोरच्याला कळतं की ह्या माणसाला माहीत आहे. ठाण्यावर पण माणूसबळ कमी असतं हे विसरू नका, म्हसवड असो की कोकरूड, एका ठाण्याखाली कितीतरी गावं आणि वाड्या-वस्त्या, त्यात यात्रा, गणपती, निवडणूक, साहेबांचे दौरे, तीच माणसं सगळीकडं पळत असतात. म्हणून चार तास थांबायची तयारी ठेवून, भाकरी बांधून जा, पण नंबर घेऊनच या. एफआयआर टाईप झाल्यावर ती वाचून दाखवायला लावा, नीट ऐका, तारीख-वेळ-नावं चुकली असतील तर तिथंच दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा. चष्मा विसरला असेल तर सोबतच्याला वाचायला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

"आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर आपल्या भागात लय मिळतं, कारण रान कडेगाव तालुक्यात आणि घर कराड तालुक्यात असली माणसं भरपूर, एसटीत पाकीट गेलं तर स्वारगेटला गेलं का शिरवळला हे पण सांगता येत नाही. हद्द कुठलीही असू दे, दखलपात्र गुन्हा असेल तर शून्य नंबरनं दाखल करून घ्यायचा आणि संबंधित ठाण्याकडं पाठवायचा, ही झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे. ऑनलाईन माहिती पाठवली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची, नाहीतर ती नोंद होत नाही. आणि काही गुन्ह्यांत, ज्याला तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे त्यात, डीवायएसपींची, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांची, परवानगी घेऊन पोलीस १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, तसं सांगितलं तर परवानगी झालीय का आणि कुठल्या तारखेपासनं हे विचारून लिहून ठेवा.

बायाबापड्यांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी वेगळं सांगतो. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर कुठल्याही वयाच्या बाईला, ६० वर्षांवरच्या माणसाला, १५ वर्षांखालच्या पोराला, अपंग किंवा आजारी माणसाला ठाण्यात बोलवता येत नाही, घरी येऊन घ्यायचा असतो. अत्याचाराची तक्रार असेल तर ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची. लहान पोरगं-पोरगी बेपत्ता असेल तर २४ तास थांबा असलं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असा नियमच नाही, १८ च्या आतलं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल होतो.

आता द्राक्षाचं बोलतो, कारण तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस ह्या पट्ट्यात हंगामात हीच तक्रार येत राहते आणि यात आपली बाजू कागदावर फारच कच्ची असते. परराज्यातला व्यापारी येतो, सोबत ओळखीचा दलाल असतो, पहिल्या दोन गाड्यांचं पेमेंट रोख आणि वेळेवर, मग दर चार किलोच्या पेटीला जरा चढा देतो, आणि शेवटच्या मोठ्या मालाचा चेक देऊन फोन बंद. ठाण्यात गेलं की उत्तर येतं, हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. हे उत्तर दर वेळी चुकीचं नसतं. पैसे उशिरा देणं वेगळं आणि सुरुवातीपासनंच बुडवायच्या हेतूनं माल नेणं वेगळं, दुसऱ्याला फसवणूक म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०. तर फिर्यादीत तुम्हाला हा हेतू दाखवायला लागतो: व्यापाऱ्यानं खोटं नाव-पत्ता दिला, चेक बंद खात्याचा निघाला, एकाच आठवड्यात गावातल्या बारा जणांना असंच बुडवलं, माल नेल्या दिवसापासनं खोली रिकामी करून गेला. यातलं जे खरं असेल ते ठळक लिहा आणि सगळ्या बागायतदारांनी एकत्र फिर्याद द्या.

ह्यासाठी माल तोडायच्या आधीच तयारी करा. व्यापाऱ्याचं आधार, पॅन, बाजार समितीचं लायसन बघा आणि फोटो काढा, तो राहतो त्या खोलीच्या मालकाचं नाव घ्या, प्रत्येक गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल लिहा, वजनाच्या आणि पेटीच्या चिठ्ठीवर त्याची सही घ्या, दर ठरला की व्हॉट्सअॅपवर "दादा आपलं अमुक रुपयानं ठरलं ना" असा मेसेज टाकून त्याचं हो घेऊन ठेवा. दलाल गावातला असेल तर त्याची पण सही. भावकीतला आहे, कसं सही मागायची, असं वाटतं हे माहीत आहे, पण पोरीच्या लग्नाचे पैसे त्या बागेत असतात. चेक वटला नाही तर पोलिसांची वाट बघत बसू नका, बँकेची रिटर्न मेमो मिळाल्यापासनं ३० दिवसांत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात केस. चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८. ह्या तारखा हुकल्या की हातातलं चांगलं हत्यार जातं, आणि चेक पण तारखेपासनं तीन महिन्यांतच बँकेत टाकायचा असतो. ऊसतोड टोळीच्या मुकादमानं उचल घेऊन माणसं आणली नाहीत, त्यातही हेच, नोटरी करार आणि पैसे खात्यावरनं दिल्याचा पुरावा, रोख दिले असतील तर सिद्ध करताना जीव जातो.

जे पोलिसांचं काम नाही त्यासाठी ठाण्यात दिवस घालवू नका. बांध कोरला, रस्ता अडवला, वाटणी दिली नाही, यातलं कुठलंच ठाण्यात सुटत नाही. बांधाची हद्द कायम करायला भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदारांकडं मामलतदार कोर्ट कायद्यानं दावा, पण अडवल्यापासनं सहा महिन्यांच्या आत, आणि रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. पोलीस फक्त मारामारी झाली किंवा होणार असं दिसलं तर मध्ये पडतात, आणि तेव्हा बहुतेक वेळा दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस होते, म्हणजे तुमच्याकडनं पण शांततेचा बाँड.

गावातल्या गावात मिटवायचं का, ह्यावर माझं स्पष्ट मत आहे. आपल्या मातीत ही पद्धत जुनी आणि अभिमानाची आहे, १९४३ ते ४६ च्या काळात सातारा आणि सांगली एकच जिल्हा असताना क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावोगाव तंटे ऐकत होती, आणि २००७ मध्ये तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम काढली. पाण्याची पाळी, गुरं रानात शिरली, भावाभावातलं बोलाचाली, हे समितीपुढं मिटवाच. पण बाईवरचा अत्याचार, लहान पोरांवरचा अत्याचार, जातीवरनं झालेला अपमान नाहीतर मारहाण, हे मिटवायला बसायचंच नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, गुन्हा आहे, मग तो सरपंच असो, मुख्याध्यापक असो की चुलता. घराण्याची अब्रू म्हणून गप्प बसवलेली पोरं पुढं काय भोगतात ते बैठकीला बसलेल्या कुणालाच दिसत नाही.

रात्रीच्या गस्तीचं पण सांगायला पाहिजे. चोर शिरले, ओरडा झाला तर ११२ लावा. ठिकाण सांगताना नुसतं गावाचं नाव नको, पाटण-जावळीच्या खोऱ्यात एका गावाच्या सात वाड्या असतात, तर "अमुक फाट्यापासनं आत दोन किलोमीटर, पाण्याच्या टाकीजवळची वस्ती" असं सांगा आणि एक पोरगं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. ग्रामसुरक्षा यंत्रणेत तुमचं गाव असेल तर १८००२७०३६०० वर बोललेला निरोप एकदम सगळ्या गावाच्या फोनवर जातो, गाव जोडलंय का आणि तुमचा नंबर त्यात आहे का हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पण पकडलेल्या माणसाला हात लावू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात पोरं चोरणारे समजून चार साधूंना लोकांनी मारलं, ते उत्तरेकडनं देवदर्शनाला निघालेले होते. व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणालाच माहीत नसतं, आणि मारणाऱ्यांची नावं मात्र एफआयआरमध्ये येतात. बसवून ठेवा, पाणी द्या, पोलिसांना बोलवा.

मोबाईलवरनं पैसे गेले तर ठाण्यापर्यंत जायच्या आधीच १९३० ही सायबर हेल्पलाईन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात, तिथं तास-दोन तास महत्त्वाचे.

एवढं करूनही गुन्हा घेतलाच नाही तर भांडू नका, वर जा. आधी ठाण्याचे प्रभारी, मोठ्या ठाण्याला पीआय (निरीक्षक), छोट्याला एपीआय (सहायक निरीक्षक), त्यांना स्वतः भेटा, बऱ्याचदा खाली काय झालंय ते त्यांना माहीतच नसतं. मग उपविभागाचे डीवायएसपी. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, पोस्टानं लेखी फिर्याद, रजिस्टर पोस्टानंच, पावती जपून. हे पोस्टाचं मी आवर्जून सांगतो कारण उमदीच्या माणसाला सांगली आणि कोयनेच्या वरच्या माणसाला सातारा गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि साहेब मीटिंगला असले की हेलपाटा. पत्राला कायद्यानं तेवढंच वजन आहे. त्यानंही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज, आणि तिथं एसपींना पाठवलेल्या पत्राची पोच लागते, म्हणून ती पायरी गाळू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकील मोफत मिळतो. दोन्ही जिल्हे कोल्हापूर परिक्षेत्रात येतात, म्हणजे एसपींच्या वर कोल्हापूरचे विशेष पोलीस महानिरीक्षक, तिथंही पत्र जाऊ शकतं.

गुन्हा दाखल झाल्यावर पण विसरून जाऊ नका. तपासी अंमलदाराचा नंबर घ्या, नवीन काही कळलं की सांगत राहा, ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं बंधन त्यांच्यावर आहे, नाही कळवलं तर लेखी विचारा. माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा असतो आणि कोर्टाच्या आदेशानं परत मिळतो, त्यासाठी बिल आणि ओळख लागते, मोटर पावसात ठाण्याच्या आवारात गंजत पडायच्या आत अर्ज टाका. चोर सापडलाच नाही तर कोर्टात ए फायनल जातो, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. गाडीच्या इन्शुरन्सला तोच कागद लागतो, कोर्टातनं त्याची सर्टिफाईड कॉपी काढून घ्या. आणि समजा बी फायनल पाठवला, म्हणजे तुमची फिर्यादच खोटी ठरवली, तर तुम्हाला कोर्टाची नोटीस येते, त्या तारखेला हजर राहून हरकत घेता येते, ती नोटीस घरात देवळीत ठेवून विसरू नका.